सहा स्टडांची काळी-पिवळी

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायद्याने निवृत्त झाली ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी. २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेल्या त्या गाडीची वीस वर्षं भरली होती, आणि वीस वर्षांपुढे मुंबईत टॅक्सी चालवता येत नाही. हिशेब सरळ होता, तरी बातमी लागली. पद्मिनीचं म्हणून जे चित्र मनातून हटत नाही, त्यात तिचं बॉनेट नसतं, डिकीकडचे निमुळते पंखही नसतात. असतं ते डाव्या मडगार्डपाशी, गाडीच्या बाहेर बसवलेलं मीटर. हाताने फिरवून खाली पाडायचं, खटका वाजायचा, आणि भाडं सुरू. त्या मीटरवर दिसणारा आकडा हे खरं भाडं नसायचंच. भाडेवाढ होत गेली, मीटरची चक्रं जुनीच राहिली, म्हणून उतरताना चालक खिशातून कोष्टकाचं कार्ड काढायचा आणि मीटरवर इतके म्हणजे प्रत्यक्षात इतके, असं दाखवायचा. म्हणजे ते मीटर स्वतःच एक लहान प्रमाणावरची प्रतिकृती होतं, आणि अख्खं शहर तिचं स्केल रोज बिनतक्रार मोजत होतं. (बिनतक्रार हा शब्द जरा उदार झाला.) खेळण्यातल्या ठोकळ्यांपासून हुबेहूब गाड्या बनवण्याच्या छंदाबद्दल मला जे म्हणायचं आहे, त्याचा धागा या मीटरशी बांधलेला आहे.

पद्मिनी रस्त्यावरून जायच्या तीन वर्षं आधी, २०२० साली, लेगोने फियाट ५०० या छोट्या इटालियन गाडीचा संच बाजारात आणला. ९६० तुकडे, फिका पिवळा रंग, उघडणारं छप्पर, मागे सामानाची पेटी, आणि सोबत एक चिमुकला चित्रफलक, ज्यावरच्या चित्रात तीच गाडी रोमच्या कलोसियमपुढे उभी. ही गाडी पद्मिनीची इटलीतली नातलग. फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या हाताखाली १९५३ची ११०० आणि १९५७ची ५०० या दोन्ही घडल्या. त्यांतली ११०० पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात मुक्कामाला आली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. एकीला डेन्मार्कच्या कंपनीने खोक्यात घालून अमर केलं, दुसरीच्या नशिबी भंगाराची गाडी आली. यावर रडगाणं गाता येईल, पण ते मला गायचं नाही. माझं म्हणणं असं की ठोकळ्यांसाठी पद्मिनी ही ५००पेक्षा कितीतरी सोयीची गाडी आहे, आणि ती सोयीची का, हे नीट पाहिलं तर ‘हुबेहूब’ म्हणजे काय या जुन्या प्रश्नाचं एक बऱ्यापैकी उत्तर हाती लागतं.

आधी मापं पाहू. लेगोच्या ठोकळ्यावर जे गोल उंचवटे असतात त्यांना स्टड म्हणतात. दोन स्टडांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. ठोकळ्याच्या एक तृतीयांश उंचीची चपटी प्लेट असते, ती ३.२ मिलिमीटर. या तीन आकड्यांत सगळा खेळ आहे. पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की बरोबर दोन स्टडांची लांबी भरते, म्हणून ठोकळे आडवे करून, स्टड बाजूला वळवूनही बांधता येतं. पाच ठोकळ्यांची उंची ४८ मिलिमीटर, आणि सहा स्टडांची रुंदीही ४८ मिलिमीटर. आता पद्मिनी घ्या. लांबी सुमारे ३.९३ मीटर, रुंदी सुमारे १.४६ मीटर, उंची जवळपास तेवढीच, १.४७. ही गाडी रुंद आहे तितकीच उंच आहे. एकास तीस या प्रमाणात तिला आणली तर रुंदी सहा स्टड, उंची पाच ठोकळे आणि लांबी सोळा स्टड. लांबीत काय ते तीन मिलिमीटर कमी पडतात. जाकोसाने ही गाडी डोळ्यांपुढे ठेवली तेव्हा लेगोचा आजचा ठोकळा जन्मालाही आला नव्हता, पण मापं अशी जुळतात की पत्रिका बघून ठरवलेलं लग्न वाटावं. उलट, ५०० ही सगळीकडून गोल. तिच्या अंगावर सरळ रेषा शोधावी लागते, म्हणून तिला वळणदार खास तुकड्यांची मोठी फौज लागते.

मापं जुळली म्हणजे गाडी झाली, असं मात्र नाही. खरी अडचण पुढेच आहे. लेगोचा माणूस १९७८ साली आला. तो ४ सेंटिमीटर उंच आणि दीड-पावणेदोन सेंटिमीटर रुंद असतो. एकास तीसच्या पद्मिनीत त्याला बसवला तर रुंदीने तो साधारण बरोबर, पण उंचीने चार फुटांचा. उंचीने बरोबर करायचा तर प्रमाण एकास एक्केचाळीसच्या आसपास न्यावं लागतं, आणि मग गाडी जेमतेम साडेचार स्टड रुंद होते. अर्धा स्टड कुठून आणणार? म्हणजे चालकाची उंची चार स्टडांची गाडी मागते आणि त्याचे खांदे सहा स्टडांची. जुन्या लेगो शहरातल्या गाड्या चार स्टडांच्या असत, स्पीड चॅम्पियन्स मालिकेतल्या आधी सहाच्या होत्या आणि २०२०पासून आठच्या झाल्या. याला कोणी प्रगती म्हणेल. मला ती एकाच भांडणाची तीन वेगवेगळी तडजोडपत्रं वाटतात. कुणाचं खरं मानायचं, माणसाचं की गाडीचं? सहा स्टडांच्या पद्मिनीत दोन्ही बाजूंचा एकेक स्टड दारांना गेला की आत चार उरतात, म्हणजे मागच्या सीटवर दोघंच मावतात. खऱ्या पद्मिनीत तिथे तिघं दाटीवाटीने बसत आणि चौथा पुढे चालकाशेजारी. आकड्यांनी गाडी बरोबर ठेवली तर प्रवास चुकतो.

इथेच मला माझा मुद्दा सापडतो. ठोकळ्यांच्या गाडीत चूक टाळता येत नाही. ८ मिलिमीटरच्या जाळीत जग बसवायचं म्हटलं की प्रत्येक ठिकाणी काही तरी वर-खाली करावंच लागतं. त्यामुळे बनवणाऱ्याच्या हातात फक्त एवढंच उरतं की कोणती चूक पत्करायची. हुबेहूबपणा हा चुकांच्या अभावात नसतो, चुकांच्या निवडीत असतो. पुन्हा मीटरकडे या. खरं मीटर एखाद्या डब्याएवढं, वीतभर उंचीचं. एकास तीसला ते ७ मिलिमीटरच्या आत येतं, म्हणजे एका स्टडहूनही लहान. मोजपट्टीचं ऐकलं तर ते वगळावं लागेल किंवा त्याचा नुसता ठिपका करावा लागेल. पण मीटर नसलेली ती गाडी ही कुणाही खासगी मालकाची काळी फियाट झाली, टॅक्सी नव्हे. म्हणून जाणता माणूस तिथे एक क्लिप लावून वर पूर्ण स्टडाचा तुकडा बसवतो. ते मीटर प्रमाणाबाहेर मोठं दिसतं, आणि ते तसंच दिसायला हवं, कारण फुटपाथवर हात वर करून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत ते तेवढंच मोठं असायचं. खाली पाडलेलं की वर उभं, एवढंच त्याला पाहायचं असायचं.

याला पहिला आक्षेप ठरलेला असतो. साच्यातून ओतलेल्या धातूच्या छोट्या गाड्या मिळतात, प्लास्टिकचे जोडणीसंच मिळतात. त्यांत वळण वळणासारखं, आरसा आरशासारखा. मग चौकोनी ठोकळ्यांतून गोल मडगार्ड काढण्याची उठाठेव कशाला? आक्षेप वजनदार आहे, आणि गंमत म्हणजे खुद्द लेगोनेच तो एके काळी मान्य केला होता. १९५५ साली कंपनीने शहर-रचनेचे संच आणले तेव्हा घरं ठोकळ्यांची होती, पण रस्त्यावरच्या गाड्या ठोकळ्यांच्या नव्हत्या. त्या एकास सत्त्याऐंशी प्रमाणातल्या, साच्यात ओतलेल्या अखंड गाड्या होत्या, फोक्सवॅगन बीटल वगैरे. घर बांधायचं, गाडी ठेवायची. ठोकळ्याच्या आतली नळी, जिच्यामुळे तो आजच्यासारखा घट्ट बसतो, तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८चा. रबरी टायरचं चाक आलं १९६२ साली. त्या चाकाबरोबर पोरांच्या हाती ठोकळ्यांच्या गाड्या आल्या, आणि त्या दिसायला बीटलच्या पासंगालाही पुरणाऱ्या नव्हत्या. चार चाकांवर ठेवलेली भिंतच ती. तरीही अखंड गाड्या मागे पडल्या आणि चाक टिकलं. इतकं टिकलं की लेगो आज वर्षाला कोट्यवधी टायर बनवते आणि संख्येपुरतं बोलायचं तर खऱ्या टायर-कंपन्यांनाही मागे टाकते. साच्यातली गाडी अचूक होती, पण ती बीटलच राहणार होती. तिच्याविषयी मत बदलायची सोय नव्हती. मडगार्ड चुकलं असं वाटलं तर ते काढून पुन्हा लावता येत नव्हतं. अचूकपणा एकदाच विकत घेता येतो. निवड मात्र रोज करता येते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. तो म्हणतो की हल्लीच्या संचांत इतके खास तुकडे असतात की ही साच्यातलीच गाडी झाली, फक्त हजार तुकड्यांत फोडलेली. हे काही अंशी खरं आहे. पण हातातल्या एका तुकड्याकडे जवळून पाहू. एक बाय एक स्टडाचा एक ठोकळा आहे, त्याच्या पोटावर एक स्टड बाजूला बसवलेला असतो, आणि तो पृष्ठभागापासून अर्ध्या प्लेटएवढा, म्हणजे १.६ मिलिमीटर आत ढकललेला असतो. छंदी लोक त्याला हेडलाइट ब्रिक म्हणतात. त्या खोबणीत गोल पारदर्शक तुकडा बसला की तो निम्मा आत राहतो आणि दिव्यासारखा निम्माच बाहेर डोकावतो. आणि त्या अर्ध्या प्लेटच्या खाचेमुळेच तो ठोकळा दिव्यापलीकडच्या शंभर कामांना येतो. खिडकीची चौकट होते, उलटा करून जाळी होते, आडव्या बांधकामातलं उरलेलं अंतर भरून काढतो. दिव्याचं नाव असलेला हा तुकडा दिव्यापुरता उरला नाही. खास तुकडा आणि चांगला तुकडा यांतला फरक मी असा करतो: ज्याला दुसरी नोकरी मिळू शकते तो चांगला.

या निकषावर एक गोष्ट साफ नापास होते, ती म्हणजे स्टिकर. माझा स्टिकरवर राग आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. १९८६ साली लेगोने मॉडेल टीम नावाची मालिका काढली. मोठ्या प्रमाणावरचे ट्रक, उघडणारं बॉनेट, खाली इंजिन, वळणारं सुकाणू, आणि हे सगळं बहुतांशी साध्या ठोकळ्यांतून. खेळण्याने पहिल्यांदाच कोणती चूक पत्करायची याचा गंभीर विचार केला तो तिथे, असं मला वाटतं. आणि त्याच मालिकेत रंगीत पट्टे, नावं, जाळ्या यांसाठी स्टिकरची भरती. स्टिकर म्हणजे निवड करायला दिलेला नकार. जे तीन प्लेटांत सुचलं नाही ते कागदावर छापायचं. शिवाय ते दोन तुकड्यांच्या सांध्यावर चिकटवलं की ते तुकडे पुन्हा सुटे होत नाहीत, म्हणजे ठोकळ्याचा एकमेव धर्म बुडाला. काही वर्षांनी कडा उचलल्या जातात, डिंक पिवळा पडतो, आणि सगळ्यात आधी जुनं दिसतं ते त्याच जागी, जिथे सगळ्यात जास्त खरं दिसायचा आव आणला होता. पद्मिनीवर एकही स्टिकर लागत नाही. काळं अंग, पिवळं छप्पर, दोन्ही रंग लेगोच्या जुन्या, साध्या रंगांतले. समोरची आडवी जाळी आडव्या प्लेटांची, डिकीवरचे पंख तिरकस लहान तुकड्यांचे. नंबरप्लेट कोरी राहिली तरी चालेल.

मध्येच एक इतिहास घुसतो, आणि तो या रांगेत नीट बसत नाही. लेगोच्या आधी मुलांच्या हातात मेकॅनो होतं. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली पेटंट घेतलेलं, अर्ध्या इंचाच्या अंतराने भोकं पाडलेल्या पट्ट्यांचं. आपल्याकडे मेकॅनिक्स नावाने तशाच पट्ट्या आणि नटबोल्ट कितीतरी घरांत सुट्टीभर सांडलेले असत. १९३४ साली मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोतून डिफरन्शियल अ‍ॅनलायझर बनवला, म्हणजे कलनातली समीकरणं सोडवणारं यंत्र. खर्च वीसेक पौंडांचा. अमेरिकेतल्या मोठ्या यंत्राची ती प्रतिकृती होती, पण तिने खरी गणितं सोडवली, मोठ्या यंत्राहून थोड्या कमी अचूकपणे. आता याला खेळणं म्हणायचं की यंत्र? मला वाटतं प्रतिकृती आणि मूळ यांच्यामध्ये आपण जी भिंत धरून चालतो ती इथे पडते. प्रतिकृतीने मूळ वस्तूचं एखादं नातं, एखादा हिशेब आपल्या अंगी घेतला तर तेवढ्यापुरती ती खरीच असते. हार्ट्रीच्या यंत्रात तो हिशेब चाकं आणि दांड्यांचा होता. पद्मिनीत तो सहा, पाच आणि सोळाचा.

याची उलट बाजूही तपासली पाहिजे. प्रमाण वाढवत नेलं तर प्रतिकृती अधिकाधिक खरी होत जाईल का? २०१८ साली लेगोने हे करून पाहिलं. बुगाटी शिरॉन ही गाडी त्यांनी चेक प्रजासत्ताकातल्या क्लाड्नोच्या कार्यशाळेत पूर्ण आकाराची बनवली. लेगोच्या टेक्निक मालिकेतले दहा लाखांहून जास्त तुकडे, २,३०४ खेळण्यातल्या मोटारी, वजन सुमारे दीड टन. जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या चाचणीमार्गावर ती माणसाला बसवून ताशी २० किलोमीटरच्या आसपास धावली. थक्क व्हावं असंच काम. पण फोटो पाहिल्यावर आपण काय म्हणतो? ‘ठोकळ्यांची आहे, खरं वाटत नाही.’ म्हणजे कौतुक गाडीपेक्षा ठोकळ्यांच्या संख्येचं होतं. एकास एकला निवड संपते. जागा भरपूर, तुकडे भरपूर, काही सोडायची गरजच नाही. त्याच गाडीचा एकास आठचा संच ३,५९९ तुकड्यांचा आहे आणि तो त्या दीड टनी भावंडापेक्षा मला जास्त शिरॉन वाटतो, कारण त्यात कुणीतरी काहीतरी सोडून दिलेलं आहे. संगणकावर बांधणाऱ्यांचंही थोडं असंच होतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमनने १९९५ साली एलड्रॉ ही प्रणाली केली, तिने स्टडाचे २०, ठोकळ्याचे २४ आणि प्लेटचे ८ असे सुटसुटीत भाग पाडले, आणि त्याचं ऋण सगळ्यांवर आहे. पण पडद्यावर तुकडे संपत नाहीत. जो रंग कधी ओतलाच गेला नाही त्या रंगातही तुकडा मिळतो. काही संपतच नाही, तिथे निवडीला जोर येत नाही.

हुबेहूबपणाला आणखी एक किनार आहे, ती बनवणाऱ्याच्या कौशल्यापलीकडची. २०२० साली लेगोने ऑस्प्रे या विमानाचा संच तयार केला होता. पंख्यांची दिशा बदलून हेलिकॉप्टरसारखं उभं उडणारं हे विमान. संचावर रंग बचावकार्याचे होते. पण खरं ऑस्प्रे सैन्याचं विमान आहे, जर्मनीतल्या शांततावादी संघटनेने निषेध नोंदवला, आणि कंपनीने विक्रीला येण्याच्या तोंडावर तो संच मागे घेतला. रंग बदलून काही झाकलं गेलं नाही, कारण आकार ओळखू येत होता. ठोकळ्यांचं खेळणं लोकांना इतकं खरं वाटलं की त्याच्या विरोधात उभं राहावंसं वाटलं, याहून मोठी पावती कोणत्या प्रतिकृतीला मिळाली असेल? आणि याचाच अर्थ असाही होतो की कोणती गाडी हुबेहूब व्हायची आणि कोणती नाही, हे कुठेतरी टेबलाभोवती ठरतं. बीटल, मिनी, लंडनची लाल बस, फियाट ५०० यांचे खोके निघाले ते त्या फार सुंदर होत्या म्हणूनच असं नाही. त्यांच्यामागे नाव वापरायची परवानगी देणाऱ्या चालू कंपन्या होत्या आणि दिवाणखान्यात ती गाडी ठेवायला पैसे मोजणारे प्रौढ होते. पद्मिनी बनवणारा कारखानाच उरला नाही.

तिसरा आक्षेप मुंबईचाच आहे. पद्मिनीत काय होतं? सुकाणूच्या दांड्यावरचा हट्टी गिअर, उन्हाळ्यात भट्टी, धूर, कुरकुरणारी दारं. जी गाडी जावी म्हणून प्रवासी बोटं मोडायचे तिची ठोकळ्यांत पूजा का? मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. पण बांधणं ही पूजा नसते. बांधणाऱ्याला गाडीचे दोष चाहत्यापेक्षा आधी कळतात. पद्मिनी रुंदीइतकीच उंच होती म्हणूनच ती वळणावर झुकायची, आणि हे सहा बाय पाचची पेटी हातात घेतली की न सांगता समजतं. चौथा आक्षेप पैशांचा, आणि त्याला माझ्याकडे चलाख उत्तर नाही. हा महागडा छंद आहे. भारताने खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेलं. ज्या पालकांना एक संच घेताना दहा वेळा विचार करावा लागतो, त्यांच्यापुढे निवडीचं तत्त्वज्ञान सांगणं बरं दिसत नाही. एवढंच म्हणता येईल की ठोकळा कुणा एकाचा राहिलेला नाही. तो मुळात लेगोचाही नव्हता. इंग्लंडच्या हिलरी फिशर पेजने किडिक्राफ्ट या नावाने तशीच वीट आधी काढली होती. लेगोने तिच्यावरून १९४९ साली आपली बनवली. पेज १९५७ साली वारला, आणि त्याच्या विटेचे हक्क लेगोने घेतले ते १९८१ साली. या माणसाबद्दल मला फार वाटतं. जगातल्या सगळ्या पोरांच्या हातात आपली कल्पना आहे आणि आपलं नाव कुणाच्या तोंडी नाही, हे कसलं देणं? पुढे लेगोचीही पेटंटं संपली, आणि २०१० साली युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या ठोकळ्याचा आकार तांत्रिक गरजेतून आलेला आहे, तो कुणाला व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवता येणार नाही. म्हणजे ८ मिलिमीटरची जाळी आता सार्वजनिक आहे. तशाच मापाचे ठोकळे कुणीही ओतू शकतो.

आणि इथे गाडी मला न ठरवलेल्या रस्त्याला नेते. पद्मिनीचं घराणं स्वतःच खोक्यातून आलेलं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला सुरुवात झाली ती अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांनी. त्या सुट्या भागांच्या पेट्यांतून बोटीने यायच्या आणि इथे पत्रकाप्रमाणे जोडल्या जायच्या. शिवडीला जनरल मोटर्स हेच काम १९२८पासून करत होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने धोरण ठरवलं की ज्यांच्याकडे भाग इथेच बनवण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं, नुसत्या जोडणाऱ्यांनी नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली आणि फियाटचे भाग एकेक करून इथलेच करत गेली. त्याची किंमतही आपण मोजली. स्पर्धा नसल्यामुळे तीच गाडी तशीच्या तशी दशकानुदशकं बनत राहिली आणि ग्राहकाला नोंदणी करून वर्षानुवर्षं ताटकळावं लागलं. संरक्षणाने कारखाना वाचतो, गाडी सुधारतेच असं नाही, हे खेळण्यांवर ७० टक्के शुल्क लावणाऱ्यांनीही ध्यानात ठेवायला हरकत नाही. तरी त्या धोरणामागचा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो ठोकळ्यांच्या छंदालाही तंतोतंत लागू पडतो. पुस्तिका उघडून एक, दोन, तीन करत ९६० तुकड्यांची इटालियन गाडी उभी करणं हे जोडकाम आहे. त्यात समाधान आहे, हात सुधारतो, कुणी त्याला हसू नये. पण त्यातल्या सगळ्या चुका आधीच दुसऱ्याने निवडून ठेवलेल्या असतात. पद्मिनीची पुस्तिका कुणी छापलेली नाही, त्यामुळे ती बांधायला बसणाऱ्याला पहिल्याच रांगेत ठरवावं लागतं, चालकाची उंची खरी धरायची की मागच्या सीटवरचे तिघं. एकदा ते ठरलं की तो जोडणारा राहत नाही, आणि मग डेन्मार्कहून खोका कधी येतो याची वाट पाहण्याचंही काही कारण उरत नाही.